समासासकट

मी, खाली सही करणारी, कॉलेजच्या पहिल्या अध्यक्षांची धाकटी मुलगी, अविवाहित, कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी मी असा कागद केलेला नाही. केलेला म्हणून कोणी दाखवलाच तर तो माझा समजू नये. माझी बुद्धी शाबूत आहे, आठवण ठीक आहे, वाचायला चष्मा लागतो.

अशा कागदात "कोणाच्याही दडपणाला बळी न पडता" असे लिहायची रीत आहे. बळी मी अजून पडलेली नाही, एवढे लिहू शकते. दडपण बाहेरच्या बाकावर बसले आहे आणि जुनी मासिके चाळते आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा. आत माझ्या दाढेचे रूट कॅनाल चालले आहे अशी त्याची समजूत आहे.

माझ्या दाढेला काही झालेले नाही. मागच्या महिन्यात दाढेत भरलेली जुनी चांदी निघाली, तेव्हा त्याने मला गाडीतून इथे आणले. ड्रिलचा आवाज त्याला लहानपणापासून सोसत नाही, म्हणून तो आत आला नाही. कितीतरी दिवसांनी मी त्याच्याशिवाय एखाद्या माणसासमोर होते. दंतवैद्यबाईंनी आरसा तोंडात घालून विचारले, "काकू, दुखतंय का?" आणि मी उघड्या तोंडाने म्हटले, "मला घरी जायची भीती वाटते." शब्द नीट उमटलेही नसतील. त्यांनी आरसा बाहेर काढला, डोक्यावरचा दिवा बाजूला केला आणि म्हणाल्या, "परत सांगा." मी परत सांगितले. सगळे सांगितले. मग त्यांनी दार किलकिले करून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "दाढ आतून किडली आहे हो. तीन-चारदा यावं लागेल."

तेव्हापासून मी येते आणि इथे, औजारांच्या ट्रॉलीवर कागद ठेवून लिहिते. नर्सबाई मधूनमधून ड्रिल नुसतेच फिरवतात. निघताना माझ्या गालात कापसाचा बोळा ठेवतात, म्हणजे गाडीत मला बोलावे लागत नाही.

कलम पहिले. घर.

कॉलेजच्या मागच्या रस्त्यावरचे दुमजली घर माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. कॉलेजने ते बाबांना निवृत्तीच्या वेळी दिले, बाबांनी मला दिले. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर बाबांची अभ्यासिका आणि माझी खोली. हे घर मी भाच्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला देते. ती परगावी नोकरी करते. पूर्वी दर रविवारी फोन करून ती पहिला प्रश्न विचारायची, "आजी, आज काय खाल्लंस?" आता तिचे फोन माझ्यापर्यंत येत नाहीत. मी माणसे ओळखेनाशी झाले आहे असे तिच्या वडिलांनी तिला सांगितले आहे. हे मी माझ्या कानांनी ऐकले, भिंतीच्या अलीकडून.

भाचा माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आला, एक बॅग घेऊन. पहिले काही आठवडे मी सुखात होते, हे लिहिले पाहिजे. तो फळे चिरून द्यायचा, व्यायाम करून घ्यायचा. मग फोन त्याच्या खोलीत गेला, "तुला उगाच धावावं लागतं" म्हणून. पुढच्या दाराचे कुलूप बदलले, "दिवस वाईट आहेत" म्हणून. स्वयंपाकाच्या बाई गेल्या. आणि मग एका दुपारी मी खिडकीशी बसून नखे कापत होते तेव्हा तो आला आणि म्हणाला, "मावशी, गॅस उघडा ठेवलास."

मी सकाळपासून स्वयंपाकघरात पाऊल ठेवले नव्हते. तसे म्हटले. तो चिडला नाही. तो कधीच चिडत नाही. माझ्याजवळ बसला, हातातले नेलकटर अलगद काढून घेतले आणि म्हणाला, "होतं असं या वयात. घाबरू नकोस."

त्या दिवसापासून मी घाबरते.

चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. पेन्शनचे कागद फ्रीजमध्ये सापडले. प्रत्येक वेळी तोच शोधून द्यायचा आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. कुलूप वगैरे सोसता आले असते. मला ते पटू लागले, हे सोसवेना. मी खुर्चीत बसून स्वतःशी सकाळ आठवायचे: उठले, दात घासले, चहा घेतला, आणि पुढे? पुढे खरेच काहीतरी निसटते आहे असे वाटायचे. म्हणून एकदा जेवणानंतर मी चष्मा उशीखाली ठेवला आणि डोळे मिटून पडून राहिले. बऱ्याच वेळाने जमिनीची लाकडी फळी करकरली. मग उशीखाली एक हात आला. सावकाश, बोट बोट पुढे सरकत. हाताला साबणाचा वास होता. माझ्या कानाखालून तो हात चष्मा घेऊन गेला आणि मी श्वास झोपलेल्या माणसासारखा चालू ठेवला.

माझी बुद्धी शाबूत आहे, हे मला तेव्हा कळले. आनंद व्हायला हवा होता. माझे दात वाजत होते.

पोलिसांत जा असे कोणी म्हणेल. जाऊन काय सांगू? भाचा डोक्यावरून हात फिरवतो म्हणून? त्याने मला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, आज वार कोणता. मला माहीत होते. पण त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि माझी जीभ टाळूला चिकटून बसली. आयुष्यभर मी कॉलेजचे वेळापत्रक केले. कोणत्या वारी कोणत्या खोलीत कोणता प्राध्यापक, आणि कोणत्या प्राध्यापकाला कोणाशेजारची खोली चालत नाही, हे सगळे डोक्यात. त्या दिवशी मला गुरुवार म्हणता आला नाही. अहवाल आला आहे. पुढच्या महिन्यात माझा कायदेशीर पालक म्हणून त्याला नेमावे असा त्याचा अर्ज न्यायालयासमोर येणार आहे. एकदा तो मंजूर झाला की माझ्या सहीला किंमत नाही. म्हणून ही घाई.

कलम दुसरे. बाबांचे कागद.

हे कलम लांबेल. आज दुसरी खेप आहे आणि नर्सबाई म्हणतात, भाचा बाहेर घड्याळ बघतो आहे.

बाबा आधी चर्चमध्ये पाळक होते. मंडळीत त्यांच्या उपदेशाची कीर्ती होती. लांबून माणसे यायची. पुढे ते कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि छत गळणाऱ्या शाळेवजा जागेचे त्यांनी कॉलेज उभे केले. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजच्या वर्धापनासाठी भाचा आजोबांचे चरित्र लिहितो आहे आणि त्याचे नाव ठरले आहे "निर्भय". पुस्तकापाठोपाठ अध्यक्षपदासाठी त्याचे स्वतःचे नाव पुढे येणार आहे. त्याला निर्भय आजोबा हवे आहेत.

माझे वडील भित्रे होते. मी हे प्रेमाने लिहिते. चार माणसांसमोर उभे राहायचे म्हटले की त्यांच्या पोटात गोळा यायचा. रविवारी सकाळी ते काही खात नसत. खाल्ले तर राहत नसे. आई गेल्यावर हे सावरायचे काम माझ्याकडे आले, कारण ताईला या प्रकाराचा राग यायचा. मी पहिल्या बाकावर, अगदी मधोमध बसायचे. बाबांनी माझ्याकडे पाहिले की मी सावकाश श्वास घ्यायचे, खांदे वर नेऊन, म्हणजे त्यांनाही आठवायचे. मंडळीला वाटायचे, पाळकांची धाकटी किती भक्तिभावाने ऐकते. मी एक अक्षर ऐकत नसे.

त्यांच्या उपदेशाच्या प्रत्येक कागदाला उजवीकडे रुंद समास सोडलेला असायचा. मजकूर शाईत, आणि समासात पेन्सिलीने स्वतःला सूचना. "इथे थांब." "पाणी." "पाय थरथरतील, टेबल धर." "धाकटीकडे बघ." एका ठिकाणी फक्त "पळू नकोस" असे लिहिले आहे.

आता मौनाच्या उपदेशाविषयी. मंडळीत अजून लोक सांगतात की एका रविवारी पाळकसाहेब उभे राहिले, काही न बोलता सगळ्यांकडे पाहत राहिले, आणि त्या शांततेत कित्येकांना रडू कोसळले. शांतता खरी आहे. पण त्याआधी मागच्या खोलीत मी होते. बाबा झगा अर्धा घालून भिंतीला टेकून उभे होते. एक बाही रिकामी लोंबत होती. ते म्हणाले, "धाकटे, मला जाता येत नाहीये."

मी म्हटले, "बाबा, लोक बसलेत."

"माहीत आहे. शब्दच गेलेत. एकही नाही."

मी लहान होते. मला शब्द कुठून आणून देता येणार? मी म्हटले, "मग नुसते उभे राहा. मी समोर बसते." मी त्यांचा हात दुसऱ्या बाहीत घातला. ते गेले आणि उभे राहिले. मी बाकावर बसून श्वास घेत राहिले. मागून कोणीतरी हुंदका दिला, मग आणखी कोणी. घरी आल्यावर बाबा अंथरुणावर पडून म्हणाले, "लोकांना फसवलं मी." मला तेव्हा तसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी पाळकपद सोडले. अध्यक्षाला खोलीत बसून सह्या करायच्या असतात अशी त्यांची भाबडी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात त्यांना पाच भाषणे करावी लागली. ताई जेवताना हसली, मी हसले, शेवटी बाबाही हसले. आमच्या घरात ते तिघांचे एकत्र हसणे फार वेळा झाले नाही.

हे सर्व कागद अभ्यासिकेच्या कपाटात होते. भाचा ते पुस्तकासाठी काढतो आणि समास कापतो. पट्टी ठेवून, धारदार कात्रीने, नीट. मी विचारले तेव्हा म्हणाला, "छपाईला स्वच्छ पान लागतं, मावशी. हा पेन्सिलीचा कचरा कोण वाचणार?" कापलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या टोपलीत जायच्या आणि टोपली त्याच्या अंघोळीच्या वेळी मागच्या दाराशी असायची. त्या अवधीत मी जेवढ्या उचलू शकले तेवढ्या उचलल्या. पुष्कळ गेल्या. राहिल्या त्या मी पर्सच्या अस्तरात घालून इथे आणल्या. दवाखान्याच्या कपाटात, जिथे लोकांच्या दातांचे प्लास्टरचे ठसे ठेवतात, तिथे एका डब्यात त्या आहेत. डब्यावर "वरची कवळी" असे लिहिले आहे, म्हणजे कोणी उघडणार नाही.

बाबांचे सर्व कागद आणि या पट्ट्या मी कॉलेजच्या ग्रंथपालबाईंच्या हवाली करते. प्रत्येक पट्टी तिच्या पानाला परत जोडावी. कात्रीची रेघ जुळेल तिथे ती पट्टी. वाचायला कोणालाही द्यावे, अगदी भाच्यालाही. छापायचे असेल तर समासासकट छापावे. नाहीतर छापू नये.

(इथे दारावर टकटक झाली. "मावशी, फार दुखतंय का?" नर्सबाईंनी ड्रिल सुरू करून सांगितले, "आत्ता तोंड उघडं आहे त्यांचं." माझ्या हातून कागदावर शाई सांडली आहे ती त्यामुळे. तो डाग कागदाचाच भाग समजावा.)

कलम तिसरे. बचत.

बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना द्यावे. भाच्याने त्यांना चोरीचा आळ घालून काढले. त्यांनी या घरातून कधी काडीही नेलेली नाही, हे मी माझ्या सहीनिशी लिहून देते, आणि हा परिच्छेद त्यांनी हवा तर नक्कल करून नव्या कामाच्या ठिकाणी दाखवावा. त्या निघाल्या तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्या वर पाहत होत्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. भाचा माझ्याशेजारी उभा होता. मी बोलले नाही. त्यांच्या चपला कोपऱ्यात राहिल्या होत्या, त्या घालून त्या गेल्या.

कलम चौथे. ताई.

आईचे शिवणयंत्र ताईने न विचारता नेले, ते तिच्या घरी धूळ खात पडले. मला ते हवे होते. तिला कधीच शिवता आले नाही. ही तक्रार मी तिच्या अंत्यविधीतही मनात धरून होते. आता ते यंत्र कुठे आहे कोणाला माहीत नाही, तेव्हा तक्रार रद्द.

कलम पाचवे. फाटकावरचा पुतळा.

कॉलेजच्या फाटकावरचा बाबांचा पुतळा माझ्या मालकीचा नाही, त्यामुळे तो कोणाला देता येत नाही. पण तिथे जे घडले त्याची साक्ष माझ्याकडे आहे आणि ती मी मागे ठेवते.

कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याच्या सायकलची धडक बसून बाजारातला एक म्हातारा हमाल गेला. मुलगा पळत कॉलेजात आला आणि बाबांनी त्याला प्रयोगशाळेत बसवून बाहेरून कडी घातली. संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर गर्दी जमली. काठ्या होत्या, दगड होते. हमालाचा मुलगा पुढे होता. मी कार्यालयात नुकतीच लागले होते. बाबा खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हटले, "बाबा, पोलीस येईपर्यंत थांबा."

"तोवर फाटक राहणार नाही," ते म्हणाले. "तू माझ्या बाजूला उभी राहू नकोस. मला दिसशील अशी उभी राहा."

पुतळ्यात बाबांनी उजवा हात उंच उगारला आहे आणि खाली कोरले आहे की त्यांच्या गर्जनेने जमाव मागे हटला. हात वर होता, खरे. त्यांचे गुडघे दुमडत होते म्हणून त्यांनी फाटकाचा वरचा गज धरला होता. गर्जना कसली, पहिल्या रांगेपलीकडे कोणाला ऐकूही गेले नसेल. ते म्हणाले, "मला तुमची फार भीती वाटते आहे. मला उभं राहवत नाही. कोणाकडे पाणी आहे का?"

शिव्या ऐकायची, उपदेश ऐकायची गर्दीची तयारी होती. पाण्याची नव्हती. कोणीतरी मागून एक तांब्या पुढे केला, तो हातोहात पुढे आला, आणि शेवटी हमालाच्या मुलाच्या हातात पोचला. त्याने तो गजांतून आत दिला. बाबा प्याले, निम्मे अंगावर सांडले. मग म्हणाले, "मुलगा आत आहे. खोटं सांगत नाही. मी स्वतः त्याला पोलिसांकडे देतो, तू माझ्याबरोबर चल." हमालाचा मुलगा, बाबा आणि तो विद्यार्थी असे तिघे चालत चौकीवर गेले. मी मागे. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी चालत होती आणि कोणीही एक दगड उचलला असता तर संपले होते. वाटेत बाबांनी दोनदा मागे वळून मला पाहिले. विद्यार्थ्याला शिक्षा झाली, त्याने ती भोगली.

भाच्याला हे मी सांगितले तेव्हा त्याने लिहून घेतले नाही. म्हणाला, "मावशी, तू सगळ्यांना घाबरट करून टाकतेस."

कलम सहावे. भाचा.

आज शेवटची खेप. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरीणबाई, दंतवैद्यबाईंची नणंद, खाली आल्या आहेत. त्यांनी मला वार विचारला, तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. खांद्यावर कोणाचा हात नसला की मला सगळे येते. त्यांनी तसे लिहून दिले आहे, तो कागद याला जोडला आहे. न्यायालयात त्या स्वतः येणार आहेत.

भाच्याला मी बाबांचा उपदेशाचा झगा आणि उभे राहून वाचायचे टेबल देते. टेबलाच्या दोन्ही कडांचे पॉलिश बाबांच्या बोटांनी झिजले आहे. त्याने एकदा तिथे हात ठेवून बघावा. नातीने त्याला घराबाहेर काढू नये. वरची अभ्यासिका त्याला राहायला द्यावी. त्या खोलीच्या दाराला कडी आतून असावी, बाहेरून नसावी. हे सर्व दारांना लागू.

मला त्याचा राग येतो का असे दंतवैद्यबाईंनी विचारले. राग करायला जरा निवांतपणा लागतो. सुट्टीत तो आमच्याकडे यायचा तेव्हा अंधाराला भ्यायचा आणि माझा अंगठा मुठीत धरून झोपायचा. बाबा त्याला म्हणायचे, "मलाही वाटते रे भीती." ताईने ते ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन गेली. माझ्या मुलाला असले काही शिकवू नका, म्हणाली. मला वाटते, तेव्हापासून तो एकटाच भीत आला आहे. यावरून मी त्याला माफ केले असे समजू नये. उशीखालचा हात मला अजून झोपू देत नाही.

कलम सातवे. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ग्रंथपालबाईंनी करावी. मूळ प्रत त्यांच्याकडे राहील.

माझ्यासाठी असे ठरले होते की सही करून मी मागच्या जिन्याने वर डॉक्टरीणबाईंकडे जावे आणि न्यायालयाच्या तारखेपर्यंत तिथेच राहावे. भाच्याला नंतर कळवायचे. हे मी मान्य केले होते. आता लिहिता लिहिता वाटते की मागच्या जिन्याने गेले तर ही बाई भ्रमिष्ट होऊन कुठेतरी निघून गेली असे तो म्हणेल, आणि लोकांना ते पटेल. तेव्हा दार उघडून त्याला आत बोलवावे आणि हा कागद मी त्याला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावा असे मी ठरवले आहे. मी कधी कोणासमोर उभी राहून काही वाचलेले नाही. पोटात गोळा आला आहे. वाचून झाल्यावर सही करीन. मला सही करता आली नाही तर पुढे काय करायचे ते मला माहीत नाही.

साक्षीदारांचे निवेदन

मी, या दवाखान्याची दंतवैद्य, माझी नणंद आणि आमच्या नर्सबाई, आम्ही तिघी खोलीत हजर असताना वरील मजकूर काकूंनी त्यांच्या भाच्याला वाचून दाखवला. खोलीत दुसरी जागा नव्हती म्हणून भाचा रुग्णाच्या खुर्चीत बसला. "हे काय चाललंय?" असे त्याने सुरुवातीला विचारले. काकू म्हणाल्या, "ऐक. मध्ये बोललास तर मी विसरेन कुठे होते, आणि तू म्हणशील बघा विसरली." त्यानंतर तो मध्ये बोलला नाही. घराचे कलम आले तेव्हा मात्र त्याने विचारले, "तिला माहीत आहे?"

काकू म्हणाल्या, "नाही. तू सांग."

उशीच्या वाक्यापाशी काकू अडखळल्या. त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले. भाचा छताकडे बघत होता. अंगठ्याचे वाक्य आले तेव्हा तो उठला, दिव्याला डोके आपटले, आणि बाहेर गेला. राहिलेला मजकूर काकूंनी रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवला. ते कायद्याने लागत नाही असे मी म्हटले, पण त्या थांबल्या नाहीत.

मग त्यांनी विचारले, "गेला का?" नर्सबाईंनी खिडकीतून पाहिले. गाडी जागेवरच होती. तो आत बसला होता, दार उघडे टाकून, एक पाय रस्त्यावर. काकू म्हणाल्या, "आत येईल का परत?" माझ्या नणंदेने दाराला आतून कडी घालू का विचारले. काकू नको म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी आमच्या देखत सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही केल्या. आम्हाला या कागदाने काहीही मिळणार नाही. काकूंची सही त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही. पुढे कोणी त्यावर बोट ठेवील म्हणून लिहून ठेवते. सही त्यांचीच आहे. हात वयाने कापत नव्हता आणि आजारानेही नाही, हे माझ्या नणंदेने नाडी धरून पाहिले आहे. त्यांना भीती वाटत होती.

मृत्युपत्र करणार: (सही) अध्यक्षांची धाकटी

साक्षीदार पहिली: (सही) दंतवैद्य
साक्षीदार दुसरी: (सही) डॉक्टर, वरचा मजला
साक्षीदार तिसरी: (सही) नर्स

ठिकाण: दवाखान्याची आतली खोली, दार उघडे
तारीख: चौदा मार्च, गुरुवार. वार काकूंनी स्वतः सांगितला.